लोखंडाला रंग कुठला लावावा? दोन वर्षांत पोपडे निघाले!

किडूकमिडूक
नमस्कार मंडळी. घराच्या बाहेरच्या जिन्याला लोखंडी कठडा आहे. चौकोनी पाइपाचे उभे खांब, वर हात ठेवायला गोल पाइप, मधे पट्ट्यांची नक्षी. दोन वर्षांपूर्वी सगळं घासूनपुसून रेड ऑक्साइडचा एक हात आणि ऑइलपेंटचे दोन हात दिले. स्वतः दिले, त्यामुळे रंगाऱ्याने फसवलं म्हणायचीही सोय नाही.

यंदा बघतो तर खांबांच्या पायथ्याशी रंगाला फोड आलेत. नखाने टोचलं की पापुद्रा निघतो आणि खाली तपकिरी भुगा. गंमत म्हणजे वरचा गोल पाइप दिवसभर उन्हात असतो, तरी तो ठणठणीत आहे. फक्त चमक गेली.

प्रश्न सरळ आहे: यावेळी कुठला रंग लावू? इपॉक्सी, पीयू (पॉलियुरेथेन), की ते 'थेट गंजावर लावा' लिहिलेले डबे? एकदाच काय तो खर्च करायची तयारी आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस
प्रकाश टाकून काय होणार, रंग टाका.

निवृत्त_रंगारी
किडूकमिडूक, तुमच्या 'घासूनपुसून'मध्येच सगळी मेख आहे. कशाने घासलंत? किती? आणि आधी पुसलंत की आधी घासलंत?

हसू नका, क्रम महत्त्वाचा आहे. तेल, ग्रीस, हाताचा मेणचटपणा हे सगळं आधी थिनरच्या किंवा साबणपाण्याच्या फडक्याने काढायचं, फडकं बदलत बदलत. त्यानंतर तारेचा ब्रश. उलटं केलं की ब्रश तेच तेल कानाकोपऱ्यात चोळून बसवतो. मग वरून सोन्याचा मुलामा दिलात तरी सुटणार.

दुसरं, नव्या लोखंडावर एक निळसर-काळा गुळगुळीत थर असतो. लाटताना गरम लोखंडावर चढलेली ती पपडी. लोकांना वाटतं किती छान, गंजच नाही! त्या पपडीला तडे असतात, तड्यातून पाणी शिरतं, आणि पपडीपेक्षा खालचं लोखंड लवकर झिजतं. एक दिवस पपडी रंगासकट उडते. हाताने घासून ती जात नाही. मोठ्या कामात ग्रिटचा, म्हणजे धारदार बारीक खड्यांचा मारा करतात आणि तो किती केला त्याला दर्जे असतात. आमच्यात 'एसए अडीच' म्हटलं की जवळजवळ पांढरं पडलेलं लोखंड. हाताने किंवा मशीनने घासलेल्याला 'एसटी दोन', 'एसटी तीन'. घरच्या कठड्याला एसटी तीन जमलं तरी पुष्कळ, म्हणजे सुटं काही उरलेलं नाही आणि धातूची झाक दिसतेय.

चाळीस वर्षं डबे उघडले. महागडा रंग घाणीवर लावलेला पाहिलाय आणि साधा ऑइलपेंट नीट घासलेल्या लोखंडावर पाहिलाय. दुसरा जास्त टिकतो.

उनाडपाऊस
+१. शिवाय रेड ऑक्साइडचा एकच हात? बाहेरच्या कामाला?

रसायनी
रंगारीकाकांशी सहमत, पण रंग करतो काय हेही एकदा बघू.

सगळ्यांची समजूत अशी की रंग म्हणजे रेनकोट, पाणी आत येऊ देत नाही. तसं नाही. केम्ब्रिजमध्ये मेन नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की बहुतेक रंगांच्या पापुद्र्यातून पाणी आणि ऑक्सिजन इतपत जातातच की त्यांच्यावर लोखंड आरामात गंजावं. तरी ते गंजत नाही, कारण चांगला पापुद्रा क्षारांच्या आयनांना, म्हणजे वीजभार असलेल्या कणांना अडवतो. गंजणं हा विजेचा खेळ आहे. एका ठिकाणी लोखंड विरघळतं, शेजारी ऑक्सिजन वापरला जातो, आणि मधल्या ओलीतून आयन फिरल्याशिवाय हे मंडल पूर्ण होत नाही. ते फिरणं रंग बंद पाडतो.

आता हेच उलटं करून बघा. मीठ रंगाच्या खालीच राहिलं तर? पापुद्र्यातून पाणी आत जातं, मिठाकडे ओढलं जातं, आणि फोड येतो. फोड फोडलात आणि आत पाणी निघालं तर समजा की घासण्याआधी साध्या पाण्याने धुवायचं राहिलं. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा पुरतात.

आणि रेड ऑक्साइडबद्दल एक गुपित. ते रंगद्रव्य म्हणजे लोह ऑक्साइडच. म्हणजे आपण गंजाला आवर घालायला गंजाचाच भाऊ फासतो. :) त्यात जस्ताचं फॉस्फेट वगैरे मिसळलं असेल तर ते गंजरोधक काम करतं. नुसतं लाल असेल तर ते पडदा म्हणून बरं, बाकी काही नाही. डब्यावर 'झिंक फॉस्फेट' लिहिलंय का ते बघा.

दगडफूल
बापरे, म्हणजे इतकी वर्षं लाल रंग बघून निर्धास्त होते मी.

आजोळची_वाट
माझे आजोबा शेंदूर आणि जवसाचं तेल खलून लावायचे लोखंडाला. तीस वर्षं झाली, ते फाटक अजून उभं आहे. तुमच्या इपॉक्सीला हे जमेल का? जुनं ते सोनं उगाच म्हणत नाहीत.

रसायनी
@आजोळची_वाट, जुनं ते सोनं नाही, जुनं ते शिसं. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जवसाच्या तेलातल्या आम्लांशी त्याचा साबण बनतो आणि त्या साबणातून सुटणारे पदार्थ लोखंडाला गंजण्यापासून रोखतात. शिवाय तेल पातळ आणि आळशी, वाळायला वेळ घेतं, तेवढ्यात गंजाच्या फटींत मुरतं. म्हणून अर्धवट घासलेल्या लोखंडावरही ते चालायचं. आजोबांचं काही चुकलं नव्हतं.

पण ते फाटक आता कोरडं घासू नका. त्याची धूळ विषारी आहे आणि लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधते. ओलं करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा. नाहीतर मुळीच छेडू नका, वरून रंगवा.

आजोळची_वाट
हे माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ग्राइंडर लावणार होतो त्याला. थांबवतो.

तिरकस
धाग्याने आजच एक जीव वाचवला. बंद करायला हरकत नाही.

टाकेवाला
वेल्डिंग करतो म्हणून सांगतो. रंग कुठून सुटायला लागतो ते बघा. सपाट भागावरून कधीच नाही. कडेवरून, टाक्यावरून म्हणजे वेल्डिंगच्या जोडावरून, नाहीतर दोन पट्ट्या एकावर एक आहेत तिथून. तीक्ष्ण कडेवर ओला रंग थांबत नाही, मागे सरकतो. सपाटीवर जाड आणि कडेवर नावापुरता. म्हणून कड कानसीने गोल करायची. पुलाच्या कामात २ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मागतात. टाक्याच्या आजूबाजूला उडालेले मणी छिन्नीने उडवायचे. आणि पूर्ण हात मारण्याआधी फक्त कडा, टाके, नटबोल्ट यांना बारीक ब्रशने एक जादा हात. त्याला स्ट्राइप कोट म्हणतात. मी बघितलेल्या दहा रंगाऱ्यांपैकी नऊ जण हा हात गाळतात.

निवृत्त_रंगारी
दहावा मी. :)

दगडफूल
माझा वेगळाच प्रश्न. पत्र्याच्या शेडला ऑइलपेंट दिला होता, वर्षभरात सापाच्या कातीसारखा सोलून निघाला. खाली गंज नाही, काही नाही, लख्ख पत्रा! असं का?

रसायनी
जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ना? मग झालंच. ऑइलपेंटमधलं तेल आणि जस्त यांचा हळूहळू साबण होतो. रंग साबणावर उभा, मग तो घसरणारच. जस्तावर साधा ऑइलपेंट थेट लावायचाच नाही. आधी त्याच्यासाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला किंचित कोरून धरणारा, किंवा जस्तावर चालेल असं डब्यावर लिहिलेला पाण्याचा अॅक्रिलिक प्रायमर. मुलामा नवा, चकचकीत असेल तर आधी हलकं खरखरीत करून घ्यायचं.

दगडफूल
म्हणजे मी शेडला आंघोळ घातली. धन्यवाद.

प्राजक्ता_०७
वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही. रंगकामाची तपासणी हाच माझा धंदा.

एक किस्सा. एका कारखान्यात साठवणीच्या मोठ्या टाक्यांना इपॉक्सी चालू होतं. घासणं अव्वल, रंग अव्वल. मुकादम भल्या पहाटे काम सुरू करायचा, उन्हाच्या आत उरकावं म्हणून. चार महिन्यांत पश्चिमेच्या बाजूचा रंग चादरीसारखा सुटला. पहाटे लोखंड हवेपेक्षा गार असतं, त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव बसलेलं, आणि रंग त्या दवावर. नियम असा की लोखंडाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसतं) वर किमान ३ अंश सेल्सियस पाहिजे आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली. घरी मीटर नसतो, ठीक आहे. ओल्या फडक्याचा एक फराटा मारा. पाचेक मिनिटांत फराटा वाळून गेला नाही तर त्या दिवशी ब्रश उचलू नका.

दुसरी गोष्ट जाडी. लोक 'दोन हात दिले' म्हणतात. दोन हात म्हणजे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग)? ओल्या रंगात कंगव्यासारखी पट्टी टेकवून ओली जाडी मोजतात, तिला रंगातल्या घन भागाच्या टक्केवारीने गुणायचं. घन भाग आकारमानाने ५० टक्के असेल तर १२० मायक्रॉन ओला थर वाळून ६० होतो. त्यात २० टक्के थिनर ओतलात तर तोच १२० वाळून ५०. सरसर ब्रश फिरतो, काम लवकर होतं, आणि लोखंड अर्धं उघडं.

किडूकमिडूक
थिनर... हो. बराच ओतला होता. डबा पुरवायचा होता.

तिरकस
कबुलीजबाब नोंदवून घेण्यात येत आहे.

गंजलेला_खिळा
एवढं घासण्यापेक्षा ते गंज बदलणारं द्रव का लावत नाही? मी लावतो. गंज काळा होतो, वरून रंग, काम खल्लास.

निवृत्त_रंगारी
खिळेभाऊ, काळं झालं म्हणजे बरं झालं असं नाही.

रसायनी
थोडी बाजू घेतो. त्यात बहुधा टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल गंजाशी जुळून निळसर-काळं लोह टॅनेट करतं. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर ते उपयोगी आहे, विशेषतः जिथे ब्रश पोचत नाही तिथे. पण जाड पापुद्र्यावर लावलं तर फक्त वरचा मिलिमीटरचा अंश बदलतो, खालचा गंज तसाच ओला आणि सुटा. सुटं ते खरवडून काढायला पर्याय नाही.

गंजलेला_खिळा
पातळ गंजावरच लावतो मी. माझं फाटक पाच वर्षं उभं आहे. वाद संपला. :P

उनाडपाऊस
अवांतर: आपल्याकडचा तो लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, त्याला कोणी रंग दिला नाही. इथे दोन वर्षांचं रडगाणं चाललंय.

रसायनी
आलाच तो! वाटच बघत होतो. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट संरक्षक थर तयार झाला. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच काम केलंय. आजच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होतं. किडूकमिडूकांचा कठडा त्या लोखंडाचा नाही.

प्राजक्ता_०७
रंगाची उदाहरणं हवीत तर आयफेल टॉवर घ्या. १८८९ चा, साधारण दर ७ वर्षांनी रंग, दर खेपेला ६० टनांच्या आसपास, आणि ब्रशने. दुसरं टोक म्हणजे स्कॉटलंडचा फोर्थ रेल्वे पूल. १८९० साली खुला झाला. 'फोर्थ पूल रंगवणं' म्हणजे कधीच न संपणारं काम, असा तिकडे वाक्प्रचारच आहे. २०११ मध्ये मात्र त्यांनी सगळा जुना रंग उतरवून, ग्रिट मारून, तीन थरांची प्रणाली पूर्ण केली. मधला थर काचेच्या बारीक पापुद्र्यांचा इपॉक्सी. ते पापुद्रे कौलांसारखे एकमेकांवर आडवे पडतात, पाण्याला वळसे घालत आत जावं लागतं. निदान २५ वर्षं तरी बघायला नको, असा त्यांचा अंदाज.

तिरकस
म्हणजे वाक्प्रचाराची नोकरी गेली.

भोवरा
सावध करायला एक अनुभव. जवसाच्या तेलाने पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यातल्या बादलीत टाकली होती. रात्री धुराच्या वासाने उठलो. बादली वितळलेली, फडकी आतून लालभडक. कुणी काडी लावली नव्हती. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं, बोळ्यातून ती बाहेर पडत नाही. तेव्हापासून फडकी पसरून वाळवतो किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

दगडफूल
अंगावर काटा आला.

किडूकमिडूक
सगळ्यांचे आभार, पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. इपॉक्सी लावू की नको?

निवृत्त_रंगारी
आधी जुना रंग ओळखा. थिनरमध्ये बुचकळलेलं फडकं एका जागी मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ होऊन फडक्याला लागला, सुरकुतला, तर तो साधा ऑइलपेंट. त्याच्यावर इपॉक्सी चढवलात तर त्यातलं कडक द्रावक खालचा थर उचलतं, माकडाच्या तोंडासारख्या सुरकुत्या पडतात. म्हणजे इपॉक्सी हवा तर सगळा जुना रंग उतरवा. शिवाय इपॉक्सी उन्हात पांढरा खडूसारखा भुकटतो, त्याच्यावर पीयूचा हात लागतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फवारायचं काम घरी करू नका, श्वासाचा त्रास कायमचा मागे लागतो.

कठड्याला एवढा खटाटोप कशाला? झिंक फॉस्फेटवाल्या प्रायमरचे दोन हात, कडांना जादा, वर चांगल्या ऑइलपेंटचे दोन हात. थिनर फक्त डब्यावर लिहिलाय तेवढा.

टाकेवाला
+१००

उनाडपाऊस
माझाही एक घुसडतो. सतत ओल्या जागेत स्टेनलेसच्या मोठ्या चौकटीला साध्या लोखंडाच्या पट्ट्या जोडल्या होत्या. स्टेनलेस गंजत नाही म्हणून रंग फक्त लोखंडाला दिला, अगदी मन लावून. वर्षाच्या आत पट्टीला टाचणीएवढी आरपार भोकं! रंग न दिलेली जुनी पट्टी मात्र सगळीकडून सारखी झिजली होती, भोक एकही नाही.

रसायनी
सुंदर उदाहरण, म्हणजे तुमच्यासाठी नाही. दोन धातू ओलीत जोडले की साधं लोखंड स्टेनलेससाठी झिजतं. स्टेनलेस मोठं आणि उघडं, त्यामुळे त्याची 'मागणी' मोठी. लोखंड रंगाखाली झाकलेलं, पण रंगाला कुठेतरी सुईच्या अग्राएवढं भोक असतंच. सगळी झीज त्या एका ठिपक्यावर एकवटते. रंग द्यायचाच तर स्टेनलेसलाही द्यायचा, किंवा दोघांच्या मधे न वाहणारं वॉशर घालायचं.

उनाडपाऊस
न गंजणाऱ्याला रंगवा. डोकं गरगरलं, पण पटलं.

दुपारची_झोप
सगळा धागा वाचला. एक शंका. वरचा पाइप ठीक, फोड फक्त खांबांच्या पायथ्याशी. रंग तोच, थिनर तोच, घासणारा तोच. मग वर आणि खाली फरक का? खांब पोकळ आहेत ना? खाली बंद आहेत की उघडे? बोटाच्या सांध्याने टिचकी मारून बघा, वर आणि खाली आवाज सारखा येतो का.

टाकेवाला
अरे हो! हे आधी कसं सुचलं नाही. पोकळ खांब असेल तर टाक्यात कुठेतरी केसाएवढी फट असते. दिवसा पाइप तापतो, आतली हवा बाहेर जाते. पाऊस पडला की पाइप पटकन गार होतो आणि फटीवरचं पाणी आत ओढून घेतो. बाहेर यायला वाट नाही. मोटारीच्या सांगाड्याला उगाच खाली निथळायची भोकं नसतात. तो सांगाडा तर अख्खा रंगाच्या हौदात बुडवून विजेने आतूनबाहेरून प्रायमर चढवतात, आणि पोकळीत वर मेण फवारतात.

किडूकमिडूक
झोप, दंडवत घ्या.

टिचकी मारली. वर टण्ण, खालच्या वीतभर भागात थप्प. ड्रिलने पायथ्यापासून बोटभर वर ६ मिलिमीटरचं भोक पाडलं. आधी काहीच नाही, मग बिट बाहेर काढताच काळपट पाण्याची बारीक धार लागली. मी खाली मग धरला, अर्धा भरला. वास जुन्या नाण्यांसारखा. सहापैकी चार खांबांत पाणी, उरलेले दोन कोरडे. त्या दोघांना फोडही नाहीत! पाणी आत कुठून शिरतं तेही सापडलं. गोल पाइप खांबाला जोडलाय त्या टाक्याच्या मागच्या बाजूला, जिथे वेल्डरचा हात पोचला नसावा, नखाएवढी फट आहे. मी तिच्यावर दोनदा रंग मारलाय, दिसते अजून.

एका खांबाच्या तळाला पेचकस टेकवला तर आत गेला.

टाकेवाला
त्या खांबाचा तळ कापून नवा तुकडा जोडा. बाकीच्यांना भोक तसंच राहू द्या, ८ मिलिमीटरचं करा म्हणजे गंजाच्या चुऱ्याने तुंबणार नाही. भोकाची कड कानसीने मारून तिलाही प्रायमर. फट टाक्याने भरा. आत पूर्ण वाळलं की पोकळीत मारायचं मेण लांब नळीने सोडा. मेण शेवटी. मेणानंतर टाका मारलात तर पेटेल.

प्राजक्ता_०७
आणि जोडलेल्या तुकड्याच्या टाक्याला स्ट्राइप कोट विसरू नका.

निवृत्त_रंगारी
चाळीस वर्षांत मी एकदाही गिऱ्हाइकाच्या खांबाला टिचकी मारून पाहिली नाही. किती कठडे मी बाहेरून रंगवून दिले असतील आणि आत पाणी असेल, देव जाणे.

गंजलेला_खिळा
माझं फाटक पण पोकळ पाइपाचं आहे. आता जाऊन टिचकी मारून येतो.

तिरकस
मग घेऊन जा.

गंजलेला_खिळा
थप्प.